दिराच्या बाप्तिस्म्याला घेतलेली हरकत

“ह्याच्यासाठी प्रभू मेला, हे कशावरून?”

मी उभी राहून हे विचारलं. मंडळीच्या सभेत, भर दुपारी, सगळ्यांसमोर. ज्याच्याबद्दल विचारलं तो माझा धाकटा दीर. माझ्यापासून चार हातांवर, धुतलेला पांढरा सदरा घालून, खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याला धाप लागायची म्हणून बसायला सांगितलं होतं, पण साक्ष उभं राहूनच द्यायची असं तो म्हणाला. साक्ष नुकतीच संपली होती. त्याचं शेवटचं वाक्य असं होतं, “तो सगळ्यायसाठी मेला, मंग मी बी त्यात आलोच न.” लोक चांगल्या मनाने हसले. ते हसणं थांबायच्या आत मी उठले.

दिराने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. “वहिनी,” एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसला. मागे बायकांमध्ये माझी जाऊ, म्हणजे त्याची बायको, बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

आम्ही बाप्टिस्ट. मलकापुरात आमची मंडळी लहान आहे, मोजून चाळीस-बेचाळीस माणसं. आमच्यात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस समजत्या वयात स्वतः मागेल तेव्हाच, आणि तोही कपाळावर पाणी लावून नाही, पुरतं बुडवून. त्याआधी त्याने मंडळीपुढे साक्ष द्यायची. मग पाळक विचारतात, “कोणाला काही विचारायचं आहे का?” हा प्रश्न नुसता रीतीचा. कोणी काही विचारत नाही. मग सगळे हात वर करतात आणि माणूस आपला होतो. पण एक जुना नियम आहे. कोणी एकाने जरी हरकत घेतली तरी त्या दिवशी हात वर होत नाहीत. पुढच्या महिन्याच्या सभेपर्यंत थांबायचं. लग्न जमावं म्हणून बाप्तिस्मा मागणारा एखादा निघायचा, त्यासाठी माझ्या सासऱ्यांच्या पिढीने तो नियम केला होता. माझ्या देखत तो कधी कोणी वापरला नव्हता. मी वापरला.

आणि नियम मला पक्का माहीत होता. रागाच्या भरात तोंडातून निघालं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस आधी ठरवलं होतं.

आता ते का ठरवलं, ते सांगते.

आमचे जुने पाळक इथलेच, वऱ्हाडी बोलणारे, दात पडलेले. तीस वर्षं त्यांनी एकच शिकवलं: ख्रिस्ताने वधस्तंभावर जीव दिला तो जगातल्या प्रत्येक माणसासाठी. दार सगळ्यांना उघडं आहे, आत यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हातारपणाने ते थकले आणि बाहेरून तरुण पाळक आले. ते शिकलेले, बोलणं शुद्ध, सावकाश. त्यांनी वेगळं शिकवलं. ते म्हणायचे, प्रभूचं मरण वाया जाऊ शकत नाही. ज्यांच्यासाठी तो मेला ते सगळे वाचणारच. तो सगळ्यांसाठी मेला म्हणाल आणि सगळे तर वाचत नाहीत, मग काहींच्या बाबतीत त्याचं मरण फुकट गेलं असं होईल. म्हणून तो मेला आपल्या मेंढरांसाठी, देवाने आधीच निवडलेल्यांसाठी. बाप्टिस्टांमध्ये ही दोन्ही मतं शेकडो वर्षांपासून आहेत, असंही त्यांनी सांगितलं. आम्हाला ते तेव्हाच कळलं.

वर्षभरात मंडळीचे दोन भाग झाले. उपासनेला सतरंजी एकच अंथरायची, पण ह्या टोकाला सगळ्यांसाठीवाले आणि त्या टोकाला मेंढरांसाठीवाले. गाण्यात ‘सर्वांसाठी’ शब्द आला की अर्धी माणसं ओरडून म्हणायची आणि अर्धी तोंड मिटायची. नळावर, लग्नात, मयतीत तेच बोलणं. माझी जाऊ जुन्या पाळकांच्या बाजूची, मी नव्यांच्या. आमच्या खोल्या एकाला एक लागून, मधे एकच भिंत. ती अंगणात भांडी घासता घासता मला ऐकू जाईल असं बोलायची.

“बाई, तुमच्या पास्टरनं प्रभूले राशनकार्ड देल्लं बाप्पा. नाव असन तंच भेटन.”

मी कमी नव्हते. “अन् तुह्या म्हाताऱ्यानं त्याले पाणपोई करून टाकलं. ज्याले प्याचं त्यानं प्याव, नाही तं पुढं जाव.”

“पाणपोई बरी. तहानेल्याले नाव तं इचारत नाही.”

“चूप बस व. चौथीपर्यंत म्या शिकली का तू?”

हे मी नेहमी काढायचे. जाऊ शाळेत गेलेली नाही. मी चौथी झालेली आणि मला शास्त्र न अडखळता वाचता येतं. जुन्या पाळकांनी मला कधी वाचायला सांगितलं नाही, ते त्यांच्या बायकोला सांगायचे आणि ती ओळी खाऊन टाकायची. नव्या पाळकांनी एकदा प्रार्थनेच्या बैठकीत माझं वाचन ऐकलं आणि म्हणाले, “बाई, तुमचं वाचन स्पष्ट आहे. दर रविवारी तुम्हीच वाचत जा.” मला अडुसष्टावं लागलं होतं. उभ्या आयुष्यात मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून ते सांगतील ते मला खरं वाटायला लागलं. तो मेंढरांसाठी मेला, आणि मी मेंढरू. मला माझं नाव घेऊन वाचवलं. जावेला मात्र सरसकट.

त्या उन्हाळ्यात नव्या पाळकांना कायम ठेवायचं की नाही ह्यावर मंडळी हात वर करणार होती, आणि हात फक्त बाप्तिस्मा झालेल्यांचाच धरतात. मी रोज मनात हात मोजायचे. आमच्या बाजूला वीस. तिकडेही वीस. आणि तेवढ्यात दिराने बाप्तिस्मा मागितला.

तो माणूस साठीला आला तरी बाप्तिस्म्याच्या हौदात उतरला नव्हता. कापसाच्या जिनिंगात रुईच्या गाठी उचलून त्याची छाती गेली होती. पूर्वी दारू प्यायचा, मग सोडली. उपासनेला यायचा, पण आत बसायचा नाही. बाहेर पायरीवर बसून ऐकायचा. विचारलं तर म्हणायचा, “मी इथूनच बरा आहो. झोप लागली तं कोणी पाहत नाही.” मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, त्याच्या पहिल्या पगाराचं लुगडं मी नेसले. आणि तो बाप्तिस्मा मागतोय हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की त्यांचे एकवीस होतील.

मी शास्त्राचं नाव पुढे केलं. खरं कारण तो एक हात होता. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

उपासनेच्या खोलीमागे आमचा सिमेंटचा हौद आहे, छातीइतका खोल. मलकापुरात उन्हाळ्यात नळ कधी आठ दिवसांनी येतो, कधी बारा. दिरासाठी चार घरांनी आपापलं पाणी देऊन हौद भरला होता, वर ताडपत्री बांधली होती. सभा संपल्यावर त्याला तसाच त्यात नेणार होते. दोन माणसं धरतील, वेळ लागला तर लागेल, असं ठरलं होतं. माझ्या हरकतीनंतर सगळे हौदाजवळून निघून गेले.

पाणी महिनाभर ठेवता येत नाही, डास होतात. सोमवारी सांगितलं गेलं की ज्याला लागेल त्याने न्या. बायका बादल्या घेऊन आल्या. मीही दोन बादल्या आणल्या आणि माझ्या कूलरमध्ये ओतल्या. भिंतीपलीकडे तो खोकत होता आणि इकडे मी त्याच्या बाप्तिस्म्याच्या पाण्याची हवा घेत झोपले. एवढं आठवलं की मला आजही जेवण जात नाही.

मंगळवारी नवे पाळक माझ्याकडे आले. उन्हात, स्कूटरवर. मला वाटलं शाबासकी देतील. मी पाटावर पाणी ठेवलं, ते त्यांनी घेतलं नाही.

“बाई, मी असं कधी शिकवलं?”

“तुमीच तं सांगितलं, तो निवडलेल्यांसाठी मेला म्हणून.”

“सांगितलं. पण कोण निवडलेला नाही, हे मला माहीत आहे असं कधी म्हटलं? ते देवाला ठाऊक. मला नाही आणि तुम्हाला तर नाहीच. एखाद्या माणसाकडे बोट दाखवून ह्याच्यासाठी मेला नाही असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. जो येतो त्याला आत घ्यायचं. आणि तो माणूस विश्वास ठेवतो म्हणून सांगतोय. विश्वास हीच तर निवडीची खूण. मग तुमची हरकत कशाला आहे?”

मी म्हटलं, “तो सगळ्यायसाठी म्हणाला.”

“म्हणू दे. त्याचं ते मत चुकीचं आहे असं मला वाटतं. म्हणून त्याचा विश्वास खोटा होत नाही. जुने पाळकही तेच म्हणतात, त्यांना मी काय बाहेर काढू?” मग म्हणाले, “एक चिठ्ठी लिहून द्या. हरकत मागे घेते, एवढंच. मी ह्याच रविवारी सभा बोलावतो. त्यांची तब्येत बरी नाही.”

आमच्या पाळकांना माहीत होतं की तो हात त्यांच्या विरुद्ध जाणार. तरी ते आले होते. मी म्हटलं, “विचार करून सांगते.” ते गेले. मी विचार केला नाही. चिठ्ठी लिहिली असती तर सगळे म्हणाले असते, पाहा, वाचणारी बाई तोंडावर पडली. कागद होता, पेन होतं, अक्षर माझं चांगलं आहे.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दीर माझ्या ओट्यावर येऊन बसला. आमच्या दोन ओट्यांत दहा पावलं, पण तो मधे एकदा थांबला.

“काय म्हणता मेंढरं?” त्याने विचारलं.

“बस. पाणी देऊ?”

“नोको. तुमच्या घरचं पाणी बाटलं तं.” हसला आणि खोकला लागला. खोकला थांबेपर्यंत मी उभीच. मग म्हणाला, “वहिनी, मी भांडाले नाही आलो. मी मेंढरू नाही तं बकरू सही, चराले त्याच वावरात येऊन राह्यलो. एक सांगा फक्त. तो तुमच्यासाठी मेला, हे तुमाले कसं समजलं?”

“म्या त्याच्यावर विश्वास ठेवला.”

“मंग म्या काय ठेवला?”

मी ओट्यावरचा कचरा हाताने झाडायला लागले.

“तुमाले सांगतो. इतकी वर्षं पायरीवर बसलो, तं मले वाटे का आतले लोकं चांगले आहेत, आपलं तठी काम नाही. मंग दवाखान्यात पडलो होतो तवा वाटलं, तो चांगल्यायसाठी मेलाच नसन. मंग आपला नंबर लागते. एवढंच कळलं मले. जास्त नाही कळत.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “हे खोटं आहे का, वहिनी? खोटं असन तं सांगा. तुमी वाचता.”

तो खरंच विचारत होता. टोमणा नव्हता. त्याला भीती वाटत होती आणि त्याला माझ्याकडून एक शब्द पाहिजे होता. जुन्यांचं धरलं तरी उत्तर ‘हो, तुझ्यासाठी’ असंच होतं, आणि नव्या पाळकांनी मला चार दिवसांपूर्वी जे सांगितलं ते धरलं तरी तेच होतं. दोन्हीकडून मला तेच म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, “दूध उतू चाललं वाटते,” आणि आत गेले. दूध चुलीवर नव्हतंच. मी आत भांड्यांपाशी उभी राहिले. बाहेरून त्याच्या चपलांचा आवाज गेला तेव्हा बाहेर आले.

मग मला सुचलं की हरकत मागे घ्यावी. पण चिठ्ठीने नाही. पुढच्या सभेत उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्या मनाने. काय बोलायचं ते मी पाठ करत होते. लोक मला काय म्हणतील तेही मनात ऐकत होते. त्यासाठी मी उरलेले तीन आठवडे काढले. मधे दोनदा त्याला ऑक्सिजन लावायला नेऊन आणलं.

सभा रविवारी होती. तो त्याआधीच्या मंगळवारी दुपारी गेला. मी नळाच्या रांगेत होते. वडनेर भोलजीला दिलेली त्यांची मुलगी येईपर्यंत जाऊ त्याच्याजवळ एकटीच बसून होती. मी गेले तेव्हा तिने मला आत येऊ दिलं, पण सरकून जागा दिली नाही. मी दाराशी बसले.

बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला मंडळीच्या जागेत माती द्यायची का, असं कोणीतरी पुटपुटलं. जुन्या पाळकांनी काठी आपटली. नव्या पाळकांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः फावडं घेतलं. दोघांनी मिळून प्रार्थना केली. त्यात कोणासाठी मेला हा वाद नव्हता. दोघेही दिराला नाव घेऊन ‘आमचा भाऊ’ म्हणाले. वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

रविवारी सभा झाली. आमचे चिटणीस कागद वाचायला लागले: मागच्या सभेतली शिल्लक बाब, अमक्याच्या बाप्तिस्म्याला घेतलेली हरकत. ते तिथे थांबले. पुढे काय करायचं हे त्यांना कळेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, “माझी हरकत मी मागं घेते.”

चिटणीस म्हणाले, “बाई, पण आता हे लिहू कुठं? माणूसच नाही.”

मागून कोणीतरी हसलं, किंवा हुंदका असेल. मी पाठ केलेलं काहीच बोलले नाही. खाली बसले. मग जाऊ उठली. ती सभेत कधी बोलत नाही.

“लिहा,” ती म्हणाली. “जिनं घेतली तिनं मागं घेतली, असं लिहा. तारीख टाका. तो जिता असतानाची टाकू नका, आजचीच टाका.”

चिटणिसांनी तसं लिहिलं. त्या दिवशी नव्या पाळकांसाठीही हात झाले. वीस आणि वीस. त्यांनी स्वतःच राजीनामा दिला आणि महिन्याभरात गेले. जाताना मला म्हणाले, वाचणं सोडू नका. मी सोडलं. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं, पण उभी राहिले की खुर्चीची पाठ धरलेला तो दिसायचा आणि ओळ सापडायची नाही.

कोण बरोबर, ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही बाजूंची वचनं मला पाठ आहेत आणि दोन्ही वाचताना खरी वाटतात. शहाण्या माणसांनी ते खुशाल ठरवावं. मला एवढंच कळतं की माझ्यापाशी एक माणूस भीत भीत विचारायला आला होता आणि मी त्याला खोट्या दुधाचं कारण सांगून आत गेले.

जावेची मी माफी मागितली. तिसऱ्या वर्षी मागितली, इतका वेळ लागला. ती गहू निवडत होती. म्हणाली, “बाई, माह्याजवळ काऊन मांगून राह्यल्या? म्या का बुडणार होती त्या पाण्यात?” आणि निवडत राहिली. थोड्या वेळाने एक सूप माझ्याकडे सरकवलं. मी निवडायला बसले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, अजूनही म्हणालेली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

माझा नवरा ह्या सगळ्याच्या आधीच गेला होता. दीर गेला. जुने पाळक दोन पावसाळ्यांनी गेले. तेव्हाच्या त्या घरातून आज आम्ही दोघीच जिवंत आहोत, माझी जाऊ आणि मी.